साताऱ्यातल्या हायस्कुलांची तुलना कशी करावी: शंभर टक्के निकाल आणि नववीची गाळणी

दहावीचा निकाल लागला की पोवई नाक्यावर फ्लेक्स उगवतात. एकाच मुलीचा फोटो शाळेच्या फ्लेक्सवर, क्लासच्या फ्लेक्सवर आणि भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सवरही. त्या फोटोवरून शाळा ठरवायची असेल तर पुढचं वाचू नका. माझ्या दोन मुली, भाचरं आणि शेजारपाजारची मिळून बऱ्याच पोरांसाठी मी हा हिशोब मांडलाय, आणि ‘ती शाळा चांगली आहे म्हणे’ हे वाक्य ऐकून कंटाळलोय.

आधी यादी. सायकलने जाता येईल अशा पाच-सहा शाळा पुरेत. अनुदानित शाळेची तुलना अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेशीच करा. माध्यम एक, बोर्ड एक. सीबीएसईचे टक्के मध्ये आणू नका. नावाचा दबदबाही बाजूला ठेवा. प्रतापसिंह हायस्कुलात १९०० साली भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, याचा प्रत्येक सातारकराला अभिमान आहे, मलाही आहे. पण आज गणिताला कोण आहे, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

प्रत्येक शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, आपल्या जिल्ह्याचा २७३१ ने सुरू होतो. मग निकाल. बोर्डाकडून शाळेला गोषवारा येतो: परीक्षेला बसलेले, विशेष प्रावीण्य, प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, नुसते पास. किमान चार वर्षांचा मागा. २०२१ सोडून द्या. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. एकाच वर्षाच्या आकड्यावर तर कधीच जाऊ नका. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले, तेव्हा राज्याचा निकाल ७७.१० वर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५ च्या पुढे गेला. पोरं वर्षभरात हुशार होत नाहीत.

आता खरी अडचण. इथेच मी पहिल्यांदा सपशेल फसलो. थोरलीच्या वेळी एका शाळेचा सलग शंभर टक्के निकाल बघून प्रवेश घेतला. ती नववीत गेल्यावर लक्षात आलं की नववीच्या तुकड्या चार आणि दहावीच्या तीन. चौथ्या तुकडीतली पोरं गेली कुठे? काही नववीत नापास, काहींच्या पालकांना बोलावून ‘याला झेपणार नाही, दाखला घेऊन जा’ असं गोड शब्दांत सांगितलेलं, तर काहींना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावलेला. सतरा नंबरवाला खासगी विद्यार्थी म्हणून मोजला जातो, शाळेच्या नियमित निकालात तो येतच नाही. म्हणजे टक्केवारीचा छेद आधीच कापलेला. बसलेले सगळे पास होणारच, कारण न होणारे बसवलेच नव्हते.

म्हणून निकालाची टक्केवारी बसलेल्यांवर काढू नका, आठवीच्या पटावर काढा. इयत्तावार पट यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने दिसतो. मात्र वर्षं नीट जुळवा. मार्च २०२४ ला परीक्षा दिलेली बॅच २०२१-२२ ला आठवीत होती. मी सुरुवातीला एकाच वर्षाची आठवी आणि दहावी घेऊन बसलो होतो. दोन वेगळ्या बॅचची पोरं एकमेकांतून वजा करत होतो आणि निष्कर्ष मात्र छातीठोक सांगत होतो.

समजा एका शाळेत आठवीला १६० होते, दहावीला बसले ११८ आणि सगळे ११८ पास. फ्लेक्सवर शंभर टक्के, पटावर ७४. दुसऱ्या शाळेत आठवीला ९०, बसले ८८, पास ८१. फ्लेक्स लावायची सोय नाही, कारण निकाल ९२. पण पटावर तो ९० भरतो. मी दुसरीत घालीन, डोळे झाकून.

लगेच शाळेवर आळ घेऊ नका, एवढं मात्र बजावतो. बदलीवाल्यांची मुलं जातात, कुणी पुण्याला जातं. काही शाळांत नववीला बाहेरून मुलं येतात आणि पट उलट वाढतो, तिथे हा हिशोब फसतो. म्हणून नववीचा पटही मांडा आणि तीन बॅच बघा. एकदा गळती झाली तर योगायोग असेल. दरवर्षी नववी ते दहावीतच पाचवा हिस्सा गळत असेल तर ती गाळणी आहे, आणि तुमचं मूल वर्गात मधल्या फळीतलं असेल तर ती त्याच्यासाठीच लावलेली आहे.

आकडे मिळत नसतील तर आधी मुख्याध्यापकांना भेटून नीट विचारा. साताऱ्यात कुणीतरी कुणाच्या ओळखीचं निघतंच. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. अनुदानित शाळेलाही हा कायदा लागू आहे. मला दोनदाच करावा लागला.

उरलेलं सोपं आहे. प्रावीण्यवाले किती, तेही पटावरच काढा. पंचवीस-तीसच्या वर्गात एक पोर नापास झालं तरी निकाल तीन-चार टक्क्यांनी पडतो, तिथे टक्के सोडून माणसं मोजा. टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांची असते, त्यामुळे गणित झाकलं जातं. विषयवार निकाल मागा. आठवीच्या एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेला किती बसवले आणि किती निवडले गेले तेही विचारा. ती परीक्षा बाहेरची आहे, तिथे शाळेच्या हातात गुण नाहीत.

शेवटी एकदा शाळेत जा, मधल्या सुट्टीत. गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिकेवर, हे ऑफिसात विचारलंत तर गोलमोल उत्तर मिळेल. नववीतल्या पोरांना विचारा. ती सरळ सांगतात, वर कोणते सर क्लास घेतात तेही सांगतात.