घरी बसून द्यायची इंग्रजीची परीक्षा: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी

खानापूर तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थिनीने दोन महिने मन लावून अभ्यास केला, परीक्षेच्या दिवशी माजघराशेजारची खोली आतून लावून घेतली आणि ती लॅपटॉपसमोर बसली. मात्र त्या दाराची जुनी कडी नीट बसली नव्हती, हे तिच्या लक्षात आले नाही. परीक्षा जवळजवळ संपत आली असताना आजीने दार लोटले आणि "चहा घेतीस काय ग?" एवढेच विचारले. दोन दिवसांनी निकालाऐवजी ईमेल आला, की परीक्षा चालू असताना खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे गुण प्रमाणित करता येत नाहीत. तिचे इंग्रजी कुठेही कमी पडले नव्हते. घरी बसून द्यायच्या परीक्षेची तयारी दुहेरी असते, एक भाषेची आणि दुसरी खोलीची. शिकवणी वर्गांत बहुतेक वेळा पहिलीच करून घेतली जाते, म्हणून या लेखात दुसरीलाही तेवढीच जागा दिली आहे.

सर्वांत आधी कोणती परीक्षा द्यायची, हे ठरवावे, आणि ते मित्राने कोणती दिली यावरून न ठरवता ज्या विद्यापीठांत अर्ज करायचा आहे त्यांच्या प्रवेशाच्या पानावरून ठरवावे. घरून देता येणाऱ्या परीक्षांपैकी आपल्याकडचे विद्यार्थी मुख्यतः दोन निवडतात. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट सुमारे एका तासाची असते, तिचे गुण १० ते १६० या मापावर मिळतात आणि निकाल साधारण दोन दिवसांत येतो. टोफेलची घरून देण्याची आवृत्ती अधिक लांब आणि बरीच महाग आहे. जानेवारी २०२६ पासून तिचे स्वरूप बदलले असून गुण १ ते ६ या नव्या मापावर दिले जातात, त्यामुळे थोरल्या भावाची जुनी पुस्तके त्या परीक्षेसाठी वापरू नयेत. दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. विद्यापीठाने परीक्षा स्वीकारली म्हणजे व्हिसा कार्यालयानेही स्वीकारली, असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक इंग्रजी परीक्षेची अट नाही, तेथे विद्यापीठाचा शब्द चालतो. उलट ऑस्ट्रेलिया व्हिसासाठी घरून दिलेली परीक्षा मानत नाही, आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी जेथे सरकारमान्य इंग्रजी परीक्षा मागितली जाते तेथे ती मान्यताप्राप्त केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाचे प्रवेशाचे आणि त्या देशाच्या व्हिसाचे अशी दोन्ही पाने वाचण्यात एक संध्याकाळ गेली, तर ती वाया गेली असे समजण्याचे कारण नाही.

ओळखपत्र म्हणून पासपोर्टच वापरावा, आणि तो हातात आल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नये. सीमाभागात नावाचा घोळ नेहमीचा आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या, गुणपत्रिकेवर नावानंतर फक्त आद्याक्षर आणि आधारकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत आलेले तिसरेच स्पेलिंग, अशी एकाच मुलाची तीन नावे मी पाहिली आहेत. परीक्षेच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांत भरावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल, तर अर्जांच्या धांदलीआधीच तो दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे विद्यापीठाचा अर्ज, गुणपत्रक आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी तोच रकाना आडवा येतो.

आता भाषेकडे वळू. आपल्या भागातील मुलांना भाषेची जाण कमी असते, हे मला मान्य नाही. जी मुलगी घरी मराठी, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी बोलते, तिचा कान एकभाषिक शहरातील मुलांपेक्षा तयारच असतो. अडचण वेगळी आहे. आपल्याला शब्द अडला की दुसऱ्या भाषेत उडी मारण्याची सवय असते आणि समोरच्यालाही तिन्ही भाषा येत असल्यामुळे ती कधी खटकत नाही. परीक्षेत समोर यंत्र असते आणि दीड मिनिट एकाच भाषेत राहावे लागते. मोबाईलवर आपलेच बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे, म्हणजे इंग्रजी वाक्यांच्या मधोमध "म्हणजे", "ते आपलं" आणि "हां" किती वेळा येतात, ते कळते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या नव्वद सेकंदांत "म्हणजे" अकरा वेळा आले होते. तो शब्द दाबून टाकण्याचा प्रयत्न करू नये, कारण तसे केले की बोलणेच अडखळते. त्या जागी क्षणभर गप्प राहण्याचा सराव करावा. हा सराव रोज दहा मिनिटे केला, तर तीन आठवड्यांत फरक ऐकू येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मराठीच्या साच्यातून निघणाऱ्या चुका. "मी तीन वर्षांपासून इथे शिकतोय" हे वाक्य मनात तयार असते, म्हणून तोंडातून "आय ॲम स्टडिंग हिअर सिन्स थ्री इयर्स" असे बाहेर पडते, जेव्हा अपेक्षित वाक्य "आय हॅव बीन स्टडिंग हिअर फॉर थ्री इयर्स" असे असते. "विषयावर चर्चा केली" यातील "वर" इंग्रजीतही जागा शोधतो आणि "डिस्कस्ड अबाउट" होते. "बेळगावला पोहोचलो" यातील "ला" मुळे "रीच्ड टू" होते. "अ" आणि "द" ही उपपदे मराठीत नसल्यामुळे ती गळतात किंवा भलत्याच ठिकाणी चिकटतात. उच्चारात "व्ही" आणि "डब्ल्यू" या दोन्हींसाठी आपण एकच "व" वापरतो, त्यामुळे "व्हेस्ट" आणि "वेस्ट" सारखेच ऐकू येतात. ही यादी प्रत्येकाने स्वतःच्या वहीत स्वतःच्या चुकांवरून तयार करावी. व्याकरणाचे जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा अशी पंधरा वाक्ये पक्की झालेली मला अधिक उपयोगाची वाटतात.

ड्युओलिंगोच्या परीक्षेत प्रश्न उत्तरांनुसार अवघड किंवा सोपे होत जातात, म्हणून मध्येच सगळे कठीण वाटू लागले, तर घाबरू नये. अनेकदा ते चांगले चालल्याचे लक्षण असते. पडद्यावर आलेला शब्द खरा इंग्रजी आहे की बनावट, हे काही सेकंदांत सांगणे, अर्धवट अक्षरांचे शब्द पूर्ण करणे, ऐकलेले वाक्य टंकलिखित करणे आणि छायाचित्राचे वर्णन करणे असे तिचे प्रकार आहेत. ऐकून लिहिणे हे आपल्या शाळेतील श्रुतलेखनच आहे, आणि ज्यांनी ते शाळेत मनापासून केले त्यांना येथे फायदा होतो. अडचण टंकलेखनाची असते. सगळे आयुष्य मोबाईलच्या कीबोर्डवर गेलेल्या मुलाला शब्द सुचवणारी पट्टी नसली की स्पेलिंग आठवत नाही, आणि परीक्षेत ती पट्टी नसते. एक महिनाभर रोज इंग्रजी दैनिकातील एक परिच्छेद संगणकावर टंकलिखित करावा.

छायाचित्राच्या लेखी वर्णनाला एकच मिनिट मिळते, त्यामुळे त्याचा वेगळा सराव हवा. समजा, उसाने भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबला आहे आणि मागे दुचाकींची रांग लागली आहे, असे निपाणी-चिकोडी रस्त्यावर थंडीत रोज दिसणारे दृश्य आहे. नवशिका विद्यार्थी "ट्रॅक्टर आहे, ऊस आहे, रस्ता आहे, माणसे आहेत" अशी मोजदाद करतो आणि मिनिट संपते. त्याऐवजी पहिल्या वाक्यात मुख्य गोष्ट सांगावी, दुसऱ्या वाक्यात तिच्याभोवती काय चालले आहे ते सांगावे आणि तिसऱ्या वाक्यात अंदाज करावा, की चालक उतरून चाकाकडे पाहत आहे त्या अर्थी बहुधा टायर बसला असावा. वाक्यरचनेतील विविधता या तिसऱ्या वाक्यातच दिसते. शेवटची दहा सेकंदे लिहिलेले वाचण्यासाठी ठेवावीत. आपल्याच मोबाईलमधील घरच्या लग्नाची, शेताची किंवा बाजाराची छायाचित्रे काढून रोज पाच वर्णने लिहिता येतात, त्यासाठी वेगळे साहित्य विकत घेण्याची गरज नाही. ड्युओलिंगोची अधिकृत सराव परीक्षा तर त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

आता खोलीकडे येतो. परीक्षा संगणकावरच द्यावी लागते, मोबाईलवर देता येत नाही. सायबर कॅफे किंवा वाचनालयाचा विचार करू नये, कारण खोलीत एकट्यानेच असणे आवश्यक असते. शहापूर, वडगाव किंवा खासबागेत ज्यांच्या घरालगत यंत्रमाग चालतात त्यांना तो आवाज लहानपणापासूनच्या सवयीमुळे ऐकूच येत नाही, पण मायक्रोफोनला तो ऐकू येतो. पत्र्याच्या छपरावरच्या पावसाचेही तसेच आहे. ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशी, त्याच तासाला, त्याच खुर्चीत बसून दोन मिनिटे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि मग निर्णय घ्यावा. आवाज येत असेल, तर काकांच्या किंवा मित्राच्या घरची एक खोली तासभर मागून घेण्यात काही कमीपणा नाही.

तारीख निवडताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावेत. गणेशोत्सवाचे दिवस आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र बेळगाव शहरात टाळावी, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. जून ते सप्टेंबर या काळात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून तेथील विद्यार्थ्यांनी शक्यतो पावसाळा संपल्यावर किंवा बेळगावात नातेवाइकांकडे येऊन परीक्षा द्यावी. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद ठेवण्याच्या पूर्वसूचना स्थानिक दैनिकांत येतात, त्या आधीच्या दोन दिवसांत पाहाव्यात. लॅपटॉप पूर्ण चार्ज आहे म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ भेटतात, पण वीज गेली की आधी राउटर बंद पडतो आणि इंटरनेट जाते. घरात इन्व्हर्टर असेल, तर राउटर ज्या सॉकेटला जोडला आहे ते इन्व्हर्टरवर आहे की नाही, हे मेन स्विच बंद करूनच तपासावे. ड्युओलिंगोसाठी किमान २ एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोड एवढा वेग मागितला जातो. वेग याहून फार जास्त नसला, तरी चालेल, पण तो अखंड हवा, म्हणून त्या तासात घरातील दूरदर्शन संच आणि इतरांचे मोबाईल वायफायवरून काढून ठेवावेत.

नजरेचा प्रश्न सर्वांत अवघड. विचार करताना छताकडे किंवा खिडकीबाहेर पाहण्याची सवय आपल्यापैकी जवळजवळ सर्वांना असते, आणि पडद्यावरून नजर वारंवार हटणे ड्युओलिंगोच्या परीक्षेत नियमभंग धरले जाऊ शकते. पडद्याच्या वरच्या कडेला एखादा बिंदू ठरवून विचार करताना तेथेच पाहण्याचा सराव करावा. त्याच परीक्षेत इअरफोन चालत नाहीत. कान उघडे दिसावेत म्हणून मुलींनी केस मागे बांधावेत. दाराला बाहेरून कागद लावावा आणि घरातील मोठ्यांना आदल्या रात्रीच, शक्य तर जेवताना, नीट समजावून सांगावे, की एक तास कोणीही हाक मारायची नाही, दार वाजवायचे नाही आणि कुकरही लावायचा नाही. घरी आजी असतील, तर त्यांना हे सकाळी पुन्हा एकदा सांगावे.

गुण प्रमाणित झाले नाहीत, तर आलेला ईमेल शांतपणे वाचावा, त्यात कारण दिलेले असते आणि पुढे काय करता येईल हेही लिहिलेले असते. वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीने पुढच्याच महिन्यात पुन्हा परीक्षा दिली. या वेळी दाराला आतून नवी कडी बसवली होती आणि त्या तासापुरती आजी शेजारच्या वाड्यात जाऊन बसल्या होत्या.