पहाटेच्या पावतीवर कालची तारीख येते?
पंचवटीत पहाटे साडेचारला मेथीच्या जुड्यांची पावती निघाली, आणि तिच्यावर वेळ आदल्या रात्रीच्या अकराची! हिशेबाचा दिवसच बदलला. कारण पावतीचा प्रोग्राम ज्या सर्व्हरवर चालतो त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे.

तो प्रोग्राम पायथनमध्ये असेल, आणि पायथन ३.९ किंवा पुढचं असेल तर:

१. डेटटाइमसोबत झोनइन्फोही (ठिकठिकाणच्या प्रमाणवेळा, म्हणजे झोन, सांभाळणारं) इम्पोर्ट करा.
२. आत्ताची वेळ देणाऱ्या डेटटाइमच्या नाऊचा कंस रिकामा ठेवू नका. त्यात झोनइन्फो देऊन 'एशिया/कोलकाता' लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. नाशिकचा वेगळा झोन शोधत बसू नका, सगळ्या भारताला हाच.

विंडोजवर झोन सापडत नसल्याची एरर आली तर पिपने (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) टीझेडडेटा हे पॅकेज टाका.

हाताने साडेपाच तास मात्र मिळवू नका. उद्या कुणी सर्व्हर भारतीय वेळेवर लावला, की पावती तेवढीच पुढे पळेल.