जुनी पैठणी आणि जुन्या वहाणा कशा जपाव्यात

इजिप्तमधील फुस्तात येथे गुजरातचे मध्ययुगीन छापील सुती कापड टिकले ते तिथल्या कोरड्या हवेमुळे. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र आजीची पैठणी आपल्यालाच जपावी लागते. ती प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावी आणि अधूनमधून घडी बदलावी, कारण एकाच मोडीवर जरीची तार तुटते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा: मागे लोंबते धागे नसतात, नक्षी दोन्हीकडे सारखीच उतरते, आणि विणकराचे खरे कसब माझ्या मते तिथेच दिसते. कोल्हापुरी वहाण भिजल्यास सावलीत वाळवावी. पारंपरिक वहाण चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते, म्हणून टाका उसवल्यास खिळा न ठोकता ती जाणत्या कारागिराकडेच न्यावी.