जळगावात राहून आइस हॉकीचा डिफेन्समन (बचावपटू) व्हायचंय?

भो, आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, म्हणून सुरुवात इनलाइन स्केट्सवरच (एका रांगेत चाकं असलेल्या) करा, सिमेंटचं सपाट ग्राउंड मिळालं की झालं. आधी उलटं स्केटिंग शिका कारण डिफेन्समनचा बराचसा खेळ मागे सरकतच होतो, गुडघे वाकवा, मान वर, आणि इंग्रजी सी काढल्यासारखा एकेक पाय बाहेर ढकला. समोरून गडी अंगावर आला की पककडे, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीकडे, नका बघू, पक फसवतो, त्याच्या छातीकडे बघा, स्टिक एका हातात पुढे धरा अन त्याला मधून घुसू न देता बाजूच्या बोर्डाकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे, दाबत न्या. गोल वाचवायचा तो असा, धडका मारत सुटायचं नाही.

खऱ्या बर्फासाठी हिवाळ्यात लेह गाठा, खेलो इंडियाची आइस हॉकी तिथंच होते.

एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग, लई लांबची गोष्ट आहे, 32 टीम, मॅचला एका टीमचे साधारण 6 डिफेन्समन, जोडीनं उतरतात, शिफ्ट (एका दमात बर्फावर राहायची वेळ) जेमतेम 45 सेकंदांची. पण ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात त्यातला) नंबर म्हणजे सगळं नाही, स्वीडनचा निकलस लिडस्ट्रॉम 1989 ला 53वा निवडला गेला अन बेस्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी 7 वेळा घेऊन गेला.

आणि हो, पैसे कमी असतील तर हेल्मेट आधी घ्या, भारी स्टिक नंतर.