उन्हाळी वेली: गळणाऱ्या फुलांना औषध मारण्याआधी

जानेवारी-फेब्रुवारीत टोकलेल्या काकडी-दुधीला फुलं लागली की महिन्याभरात हमखास विचारणा येते, 'फुलं येतात आणि गळतात, काय मारू?' काहीही मारू नका. आधी फूल उलटं करून पाहा. पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढी बाळकाकडी दिसली तर ती मादी, नुसता बारीक देठ असला तर नर. काकडी-दुधीच्या या कुळात नर-मादी फुलं बहुधा वेगळी असतात आणि नर आधी येतात. ती गळणारच. युरिया जास्त झाला किंवा ऊन तापलं की नर फुलं आणखी वाढतात, म्हणून नत्राचा हात आखडता ठेवा.

परागकण चिकट असल्याने वाऱ्याचा उपयोग नाही, कीटकच हवेत, मुख्यतः मधमाशी. पण प्रत्येकाची वेळ निराळी. काकडी, कलिंगड, कारलं, घोसाळं सकाळी फुलतं. दुधी आणि दोडका संध्याकाळी. त्यामुळे फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदी करायचीच झाली तर त्या पिकाचं फूल मिटल्यावर. माश्या कमी दिसल्या तर नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादीच्या तोंडावर हलकेच फिरवा. दुधीला हे काम दिवेलागणीला. करटोलीत तर नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. दहा मादी वेलांमागे एक नर ठेवा आणि फुलोऱ्यातच खुणा करा, पुढे लागवडीचा कंद पाहून नर-मादी ओळखता येत नाही.

आता कडूपणा. 'शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली' हे आमच्याकडे आजही ऐकू येतं. दोन्ही एकाच कुळातली असली तरी त्यांचा संकर होत नाही. अहो, काकडी आणि खरबूज तर त्याहून जवळचे भाऊ, पण काकडीत गुणसूत्रांच्या 7 जोड्या आणि खरबुजात 12, तिथेही जमत नाही! कडूपणा काकडीचा स्वतःचाच आहे. हिमालयाच्या पायथ्याला आजही वाढणारी तिची रानटी बहीण कडूजहर असते. हा कडवटपणा म्हणजे खाणाऱ्यांपासून बचाव. माणसाने गोड फळांचं बी निवडत तो मागे ढकलला. काही वाणांत पाण्याचा ताण आणि कडक ऊन मिळालं की तो पुन्हा डोकं वर काढतो. पाणी थोडं थोडं, पण नियमित द्या. कडू लागलेला दुधी मात्र फेकाच, रस तर मुळीच पिऊ नका, विषबाधा होते.

आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, दिसली म्हणून भर उन्हात गंधक धुरळू नका, या वेलींची पानं करपतात.