गावची तूर गावच्या ताटात यावी म्हणून: नागपूर भागातल्या संस्थांनी ग्रँट कशी मागायची

नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात शेतकरी गट, बचत गट, परसबागा, देशी बियाणं, अंगणवाडीचा आहार यावर मनापासून काम करणाऱ्या छोट्या संस्था भरपूर आहेत, आणि भेटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की ग्रँट कोण देते. मी अशा संस्थांसोबत बसून प्रपोजल लिहायचं काम करते, आणि मला वाटतं हा प्रश्न थोडा नंतर विचारायला पाहिजे. आधी हे विचारा की आपल्या भागात शेतापासून ताटापर्यंतची साखळी नेमकी कुठे तुटते, काहून की पैसे त्या तुटलेल्या जागेसाठीच मागायचे आहेत.

उमरेड-भिवापूरकडची तूर घ्या. शेतकरी ती गावातल्या व्यापाऱ्याला देते नाहीतर नागपूरच्या कळमना बाजारात आणते, तिथून ती मोठ्या मिलमध्ये जाते, आणि काही महिन्यांनी त्याच गावातल्या किराणा दुकानात पाकिटबंद डाळ म्हणून परत येते, आणि तूर पिकवणारं घरच ती पूर्ण भावानं विकत घेते. इथे पीक आहे, खाणारे आहेत, मधलं काही नाही, म्हणजे साफ करायची सोय नाही, डाळ करायची मशीन नाही, ओल न लागता साठवायला जागा नाही आणि शहरात घेणारा गिऱ्हाईक बांधलेला नाही. ज्वारीचं वेगळं आहे, तिथे पीकच कमी झालं, रानडुकरं, पाखरं आणि कापणीची मजुरी यांना कंटाळून लोक कपाशी-सोयाबीनकडे गेले, तर तिथे मशीन मागून काही होत नाही, आधी पेरणाऱ्याला खात्रीचा खरेदीदार लागते. भिवापुरी मिरचीला आणि वायगावच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या जागेच्या नावाचा कायदेशीर हक्क, मिळालेलं आहे पण जीआयच्या नावावर खरा माल विकायला प्रतवारी आणि पॅकिंग लागतं. प्रत्येक पिकाची गाठ वेगळी, तुमची कोणती ते एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य गावातल्या बाईला वाचून दाखवा, तिला पटलं तर पुढे जा.

"जनजागृती", "क्षमता बांधणी", "सक्षमीकरण" एवढ्यावरच उभं असलेलं प्रपोजल पाठवू नका. ट्रेनिंग घ्या ना, जरूर घ्या, पण ट्रेनिंगनंतर त्या बायका सोमवारी सकाळी नेमकं काय करणार, हे कागदावर दिसलं पाहिजे.

आता आकडे. लोक राज्याचा आकडा टाकतात आणि मोकळे होतात, म्हणजे एनएफएचएस-५ या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ५ वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, हे खरं आहे आणि वाईटही आहे, पण त्यातून तुमच्या ८ गावांबद्दल काहीच कळत नाही. अंगणवाडी सेविकेशी बोलून वजन-उंचीच्या नोंदी बघा (मुलांची नावं बाहेर जाऊ देऊ नका), ४०-५० घरांत फिरून विचारा की डाळ, तेल, भाजी कुठून येते, महिन्याला किती लागते, कोणत्या महिन्यात टंचाई पडते. पीकपेरा तलाठी आणि कृषी सहायकाकडे मिळतो. शिवाय नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची सरकारी बँक दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा पीएलपी काढते, म्हणजे जिल्ह्यात कोणत्या कामाला किती कर्जाची क्षमता आहे त्याचा दस्तऐवज, आणि सरकारचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन असतं, या दोन्हीतून गोदाम, प्रक्रिया उद्योग, सिंचन याची माहिती निघते. ही दोन कागदं वाचलेली संस्था मीटिंगमध्ये लगेच ओळखू येते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, काहून की इथे अडकलं तर बाकी कितीही चांगलं असो, फाईल पुढे सरकतच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदणी, आणि विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, याकडे फार दुर्लक्ष होते आणि मग तिथल्या परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीत, स्वर्गवासी झालेल्या अध्यक्षांचं नाव असते. मागच्या ३ वर्षांचे ऑडिट, धर्मादाय कार्यालयात जमा केल्याच्या पावतीसकट. बारा-ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ऐंशी-जी (देणगी देणाऱ्याला सूट), यांची मुदत संपते त्यामुळे तारीख भिंतीवर लिहून ठेवा, आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, तर जुन्या फाईलवरून उतरवू नका, सीएला विचारा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा आयडी. आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा, हवा असेल तर कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ भरून मिळणारा नंबर, त्याला बारा-ए आणि ऐंशी-जी दोन्ही लागतात आणि तसल्याच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभवही. तुमची संस्था नवी असेल तर घाबरू नका, ३ वर्षं झालेल्या एखाद्या संस्थेसोबत भागीदार म्हणून काम सुरू करा, फक्त लेखी करार करा.

मग पैसा कुठे आहे?

नागपूरच्या संस्थांना सगळ्यात जवळचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि जिथे कंपनीचं काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय. म्हणून आधी नकाशा बघा. वेकोलि (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्य कार्यालयं नागपुरात आहेत, वेकोलिच्या खाणी उमरेड, सावनेरकडे, मॉयलच्या मनसर, कांद्री, गुमगावकडे. मौद्याला एनटीपीसीचं वीज केंद्र आहे. तुमची गावं यांच्यापैकी कुणाच्या शेजारी असतील तर तिथूनच सुरुवात करा, मुंबईच्या मोठ्या नावांमागे नंतर लागा. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय दिसते की कोणी कोणत्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला, ते बघूनच यादी बनवा. आणि प्रपोजलमध्ये कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधली, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीतली, नोंद स्पष्ट लिहा, भूक-कुपोषण निर्मूलन, उपजीविका वाढ, ग्रामीण विकास, पर्यावरण, अन्नाचं काम यातल्या तीन-चार जागी बसते पण एक मुख्य ठेवा.

दुसरं नाबार्ड. जिल्ह्याला एक जिल्हा विकास व्यवस्थापक असतात, लोक त्यांना डीडीएम म्हणतात, त्यांना प्रपोजल घेऊन भेटू नका, आधी कल्पना घेऊन भेटा. आदिवासी गावांसाठी वाडी (फळबाग) प्रकल्प, पाणलोट, शेतीक्षेत्रातले छोटे प्रयोग अशा वेगवेगळ्या निधीतून काम होते, पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि मधल्या महिन्यांत पगार कुठून द्यायचा याची तयारी तुम्हालाच ठेवावी लागते.

तिसरं म्हणजे जो पैसा संस्थेला नाही, तुमच्या गटाला मिळतो. पीएमएफएमई ही २०२० ची केंद्राची योजना, त्यात छोट्या प्रक्रिया युनिटला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, नागपूर जिल्ह्याचं त्यातलं उत्पादन संत्रा. राज्याचा स्मार्ट प्रकल्प शेतकरी कंपन्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपन्यांसाठी. यांची सध्याची मुदत आणि नियम जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच हिशोबात धरा. पण संस्था म्हणून तुम्ही ग्रँटमधून एक कार्यकर्ता ठेवला आणि त्यानं गावातल्या बचत गटांना या योजनांचे अर्ज करून दिले, तर तुमच्या छोट्या ग्रँटच्या जोरावर गावात बराच मोठा पैसा येतो, आणि हे गणित देणाऱ्यांना फार आवडते.

परदेशी पैसा छोट्या संस्थेनं सुरुवातीला डोक्यातून काढून टाकावा असं माझं मत आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीला ३ वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागते, परदेशी पैसा घ्यायचं खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच, प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर नाही, आणि २०२० पासून हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताच येत नाही. म्हणजे कोणी म्हणाले की आमच्या एफसीआरएमधून तुम्हाला देतो, तर नाही म्हणा.

बजेटवर जरा थांबते, काहून की खरं प्रपोजल तिथेच असते. समजा महिला गटाची मिनी डाळ मिल टाकायची आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आपल्याकडे बऱ्याच गावांत चालते. सगळे मशीनची किंमत लिहितात. पण शेड, थ्री-फेज कनेक्शन, ओलावा मोजायचं मीटर, वैधमापनचा शिक्का असलेला काटा, फूड लायसन्स, पाकिटं, कळमन्यापर्यंत किंवा शहरातल्या मेसपर्यंतचं भाडं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तूर विकत घ्यायला लागणारं खेळतं भांडवल, हे कोण लिहिणार? २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल होता, म्हणजे फक्त १०० क्विंटल घ्यायचे तरी ८ लाख रोख पाहिजेत, आणि शेतकरी थांबत नाही, त्याला कर्ज फेडायचं असते. १०० किलो तुरीतून साधारण ७० किलो डाळ धरली तर डाळीचा नुसता कच्चा खर्चच किलोला ११४ रुपये पडते, त्यावर वीज, मजुरी, पाकीट, वाहतूक, आणि चुनी-भुसा जनावरांसाठी विकून थोडे परत येतात. हे गणित बजेटच्या शेजारी एका पानावर मांडा. मग वाचणाऱ्याला कळते की तिसऱ्या वर्षी ही मिल ग्रँटशिवाय चालेल की नाही. खेळत्या भांडवलाला सीएसआरवाले बहुतेक नाही म्हणतात, त्यामुळे ते बँकेकडून, किंवा शेतकरी कंपनी असेल तर नाबार्डच्या नॅबकिसानकडून आणायचं असं दाखवा, आणि काही सभासद अर्धे पैसे आधी, अर्धे विक्रीनंतर यावर तयार असतील तर त्यांचा ठराव जोडा.

आणखी एक, मशीन कोणाच्या नावावर? सीएसआरच्या २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमधून घेतलेली वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती सीएसआर नंबर असलेल्या संस्थेची असते, किंवा लाभार्थी गटाची, किंवा सार्वजनिक प्राधिकरणाची. माझा आग्रह आहे की ती गटाच्या नावावर करा. संस्था उद्या दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, बायका तिथेच राहणार आहेत.

पगार लपवू नका. समन्वयकाचा पगार "प्रवास" नाहीतर "ट्रेनिंग" मध्ये कोंबून टाकतात, आणि मग तो माणूस सहा महिन्यांत सोडून जाते आणि मिलला कुलूप लागते. समन्वयक काय करणार ते चार ओळींत लिहा आणि पूर्ण पगार मागा, त्यावर वाद झाला तर मशीन लहान घ्या पण माणूस कापू नका.

वेळेचं बघा. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, म्हणजे मिल डिसेंबरला फिरली पाहिजे, म्हणजे पैसा सप्टेंबरपर्यंत हातात पाहिजे, म्हणजे कंपनीकडे एप्रिल-मे मध्ये जायला पाहिजे जेव्हा त्यांचा वर्षाचा आराखडा ठरत असते. संत्र्याचं काम असेल तर आंबिया बहाराचं वेळापत्रक वेगळं, मृगाचं वेगळं. आणि फेब्रुवारीत एखादा फोन येतोच, थोडा निधी उरलाय, दोन दिवसांत पाठवा. त्यासाठी २ पानांची नोट कायम तयार ठेवा, पण ३१ मार्चच्या आत खरेदी करून टाका असं म्हणत असतील तर त्यांना हे काम एकापेक्षा जास्त वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करायला सांगा, तसं केलं तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या ३ वर्षांत वापरता येते. सीएसआरच्या माणसाला हे माहीत असते, पण मागणी तुमच्याकडून यावी लागते.

भेटीला जाताना गटातल्या दोन बायकांना सोबत न्या आणि त्यांनाच बोलू द्या, मराठीत, वऱ्हाडीत, कसंही. सोबत घेणाऱ्याचं पत्र ठेवा, शहरातल्या एखाद्या मेसचं, हॉस्टेलचं, सोसायटीचं, की आम्ही महिन्याला इतके किलो डाळ घेऊ. असं एक पत्र दहा फोटोंपेक्षा जास्त वजनाचं असते. सरकारी आश्रमशाळेला पुरवठा करू असं लगेच लिहू नका, तिथे टेंडर असते आणि पेमेंटला वेळ लागते, नव्या गटाला ते झेपत नाही, दुसऱ्या वर्षी बघता येईल.

ग्रँट मिळाल्यावर वेगळं रजिस्टर, प्रत्येक बिलावर प्रकल्पाचं नाव, शक्य तर वेगळं बँक खातं. दर तीन महिन्यांचा रिपोर्ट मागितला नसला तरी पाठवा, त्यात किती तूर घेतली, कोणत्या भावाने, किती डाळ निघाली, किती विकली, किती पडून आहे हे पाच आकडे लिहा, आणि एखाद्या महिन्यात मिल बंद राहिली असेल तर ते कारणासकट लिहा, मोटर जळली असेल तर मोटर जळली लिहा. ऑडिट झालं की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागला असा दाखला, सीएकडून लगेच घ्या, काहून की पुढचा हप्ता त्याच कागदावर अडलेला असते.