मेंदूचा एमआरआय संशोधनासाठी बाहेर पाठवण्याआधी

मी एमआरआय विभागात डेटा सांभाळते. आधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी, मगच फाइलला हात. डायकॉममधलं (स्कॅनरमधून निघणाऱ्या फाइलचा प्रकार) नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक काढा. जागी सांकेतिक क्रमांक. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा, म्हणजे दोन स्कॅनमधलं अंतर टिकतं. शेऱ्याच्या रकान्यात मला एकदा चक्क रुग्णाच्या मुलीचा मोबाइल नंबर सापडला. तेव्हापासून तो रकाना मी स्वतः वाचते.

खरी मेख चेहऱ्याची. थ्रीडी टी-वन स्कॅनवरून (मेंदूची रचना बारकाईने दाखवणारा एमआरआय) नाक, ओठ, कान ओळखू येतील असे उभे राहतात. फाइल निफ्टी या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या फाइल-प्रकारात बदलून पायडीफेस या सॉफ्टवेअरने चेहरा पुसा आणि प्रत्येक स्कॅन फिरवून बघा: कपाळामागचा मेंदू तर कापला गेला नाही ना? सांकेतिक क्रमांकांची यादी मात्र आपल्याच रुग्णालयात, कुलपात.